गवताची हजेरी

या अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिले होते, "इतकी वर्षे जंगलात काढलीत, वाघाविषयी काहीतरी लिहा." वाघ मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा तो घाईत होता आणि मीही. त्यात लिहिण्यासारखे काही नाही. नोकरीत मला खरी भीती वाटली ती एका गवताची. तेव्हा गवताविषयी लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्या गवताचे नाव या लेखात कोठेही येणार नाही. मी ते विसरलेलो नाही. न लिहिण्याचे कारण शेवटी सांगेन.

उंद्रीपासून दोन कोसांवर एक रमणा आहे, तिथे मी नाकेदार होतो. रमणा म्हणजे राखलेले गवताचे रान. झाडे थोडी, गवत फार. पावसाळ्यात आत गुरांना बंदी. दसऱ्यानंतर कापणी, आणि कापणी उरकली की मग गुरे आत. कापलेले गवत गाड्या भरभरून खामगावला जाई. तिथे कापसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांना ते लागे. नाकेदाराचे काम सोपे दिसते. हद्दीचे दगड जाग्यावर आहेत का पाहायचे, वणवा लागू द्यायचा नाही, पास असेल त्याला कापू द्यायचे आणि नसेल त्याला हाकलायचे. या सगळ्याच्या वर एक नियम होता: बी झडल्याशिवाय कापणी नाही. नियम शहाण्या माणसाने केलेला होता. गवत बी येण्याआधी कापले तर पुढच्या वर्षी उगवायचे काय? हिरव्या गवताला विळा लावणारा माझ्या हद्दीत चोर ठरे.

मला याद्या करण्याची खोड आहे. घरात मीठ किती दिवस पुरेल हेही मी लिहून ठेवतो, मंडळी हसतात. रमण्यावर गेल्यावर पहिल्याच भादव्यात मी गवताची हजेरी सुरू केली. एक दोरी, तिला चार गाठी. चार खुंट्या ठोकून दोरी ताणली की माणूस आडवा झोपेल एवढा चौक होतो. त्या चौकात गुडघे टेकून बसायचे आणि कोण कोण उगवले आहे ते वहीत मांडायचे. रमण्यात अशा बारा जागा मी ठरवल्या. खुंट्या कायमच्या ठोकून ठेवल्या आणि दरवर्षी त्याच क्रमाने, एकपासून बारापर्यंत फिरत असे. हे काम मला कोणी सांगितले नव्हते.

अडचण नावांची होती. मी खामगावच्या पेठेत वाढलेला. मला गवत म्हणजे गवत. नावे मला कौतिकाबाईंनी शिकवली. त्या वयाने माझ्या आईएवढ्या. दोन म्हशी, पाठीशी कोणी नाही, एक मुलगी लांब दिलेली. रमण्याच्या खोलगट भागात एक झरा होता आणि झऱ्याखाली मारवेल गवताची एक मळी, म्हणजे ओल्या गाळाची पट्टी. त्या मळीतले गवत कापण्याचा पास त्यांचा होता. त्या गवतावर त्यांच्या म्हशी जगत आणि म्हशींवर त्या.

"हे काय?" मी एक काडी दाखवून विचारी.

"पवन्या. याले दाताखाली धरा. गोड लागते का नाही?"

"आणि हे?"

"थे कुसळी. धोतरात घुसली का मग समजते, विचारा लागत नाही."

पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी, तिखाडी. त्यांच्या पायाशी रानमूग, शंखपुष्पी, काळी मुसळी, भुईआवळी. पहिल्या वर्षी माझ्या यादीत सव्वीस नावे भरली. नाव सांगताना कौतिकाबाई त्या रोपाला बोटाने हळूच टिचकी मारत, शाळेत मास्तर मुलाच्या डोक्यावर मारतो तशी. वरच्या साहेबांना ती यादी इतकी आवडली की तिची नक्कल कचेरीत लागली. वर मथळा: रमण्यातील गवते. त्यानंतर त्या यादीत जे नाव असेल ते रमण्याचे गवत, आणि त्याला बी झडण्याचा नियम लागू. नाव नसेल ते तण, कोणीही उपटावे. मला त्या वेळी यात अभिमानाखेरीज काही दिसले नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात एका बड्या साहेबांचा मुक्काम रमण्याच्या कडेला पडला. तंबू, स्वयंपाकी, नऊ घोडे. घोड्यांचा चारा बाहेरगावाहून गठ्ठे बांधून आणलेला. आमचे गवत त्यांच्या पोटाला मानवत नाही म्हणाले. पंधरा दिवसांनी सगळे उठून गेले.

पुढच्या आषाढात किसन गुराखी चौकीवर आला. हा गावाची गुरे वळणारा, साठीचा, तोंडाने फटकळ माणूस. म्हणाला, "नाकेदारसाहेब, साहेब गेले पण घोडे ठेवून गेले न जी!"

"काय बोलतोस?"

"चला, दाखोतो."

मी गेलो. माळावर एका ओळीत गवताचे नऊ झुपके उभे होते. ज्या ज्या खुंट्याला घोडा बांधला होता, त्या त्या ठिकाणी एकेक. बाकी गवत अजून घोट्याएवढे, आणि हे कमरेच्या वर. पाती रुंद, रंग काळपट हिरवा. वारा आला की नऊही एकाच बाजूला माना टाकीत आणि एकदमच वर करीत. भर सकाळ होती, उजेड होता, किसन हसत होता. तरी मी त्या ओळीच्या समोरून न जाता मागून वळसा घालून गेलो, हे मला आठवते.

मी कौतिकाबाईंना बोलावले. वही उघडली, सत्ताविसावा आकडा घातला आणि विचारले, "याचे नाव?"

त्यांनी टिचकी मारली नाही. पदर तोंडाशी धरला. "मले ठाऊक नाही."

"मग काहीतरी ठेवा."

"ठेवू नका, भाऊ. नाव ठेवलं का मग थे घरचं होते. बिननावाचं असलं त आल्या वाटेनं जाते."

किसनही लगेच गंभीर झाला. "हाव. आमच्यात दारात फिरस्तं कुत्रं आलं तरी नाव घेऊन बलावत नाही."

मी हसलो. वहीतला रिकामा रकाना मला सहन होत नाही. मी स्वतःच एक बरेसे नाव जुळवले, वळणदार अक्षरात लिहिले आणि सुधारलेली यादी कचेरीत धाडली. महिन्याभरात मंजूर होऊन आली. नऊ घोडे रमण्याचे झाले.

दोन वर्षांत त्यांनी पूर्वेकडची सगळी उतरण घेतली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, गवताच्या जागी गवत आले, बिघडले काय? उलट हे उंच, भरघोस. मलाही प्रथम तसेच वाटले. पण पवन्या मोकळा उगवतो. दोन बुडख्यांमध्ये हातभर जागा सोडतो; त्या जागेत रानमूग वाढतो, मुंग्या असतात, गांडुळांच्या मातीच्या बारीक गोळ्या असतात. हे नवे गवत वरून छप्पर घालते आणि खाली अंधार करते. माझ्याजवळ उपकरणे नव्हती. एक काठी होती आणि एक लोटा. पवन्याच्या मातीत काठी नुसत्या दाबाने चार बोटे जाई. नव्या गवताखाली एक बोट जाऊन टक्कन थांबे. पवन्याच्या मातीवर लोटाभर पाणी ओतले तर मी पाचसहा नावे लिहीपर्यंत ते मुरून जाई. इथे ते क्षणभर थांबे आणि मग उतरणीने चालू लागे, आपल्याबरोबर धूळ घेऊन. ती माती मी मुठीत घेऊन हुंगली. ओल्या मातीला वास असतो हे कोणालाही ठाऊक आहे. हिला नव्हता.

आणि आवाज नव्हता. हे मला फार उशिरा कळले, तेही किसनमुळे. कापणीनंतरचे दिवस, टळटळीत दुपार. त्याची एक गाय दिसेना. मी म्हणालो, "उतरणीत शिरली असेल, जाऊन बघ."

"तिकडे माहं एकही जनावर जात नाही. थे पाहा."

खरेच. सगळी गुरे उतरणीच्या कडेला येऊन थांबली होती, भिंतीशी थांबावी तशी. कडेच्या एकाही पात्याला तोंड नाही. गवत अजून उभेच होते, कारण मजुरांनी ते कापायला नकार दिला होता. पाती वाळली की काचेसारखी हात चिरीत.

मी नाकेदार. मलाच जावे लागले. दहा पावलांत कडा दिसेनाशी झाली. डोक्यावर दोन हात गवत. रमण्यात दुपारी सुद्धा केवढा गलबला असतो ते तेव्हा कळले: नाकतोडे, तितर, लावे, मधमाश्या. इथे काहीच नाही. मी थांबलो की माझ्या पावलांचा आवाज आणखी दोन पावले चालून मग थांबे. वाळलेली पाती मागाहून सरळ होतात म्हणून तसे होते, हे मी लगेच स्वतःला सांगितले. सांगितले तरी मी पुन्हा थांबलो नाही.

गाय सापडली. उभी होती. चरत नव्हती, रवंथ करीत नव्हती, शेपूट हलवत नव्हती, माश्याच नव्हत्या. गळ्यातली घंटा गप्प. मी दावे धरून ओढले तेव्हा घंटा एकदाच वाजली आणि मी दचकलो.

किसनने बाहेर तिच्या पाठीवर हात फिरवला. "किती येळ उभी होती वो माय?" मग माझ्याकडे वळून, नेहमीची थट्टा टाकून, म्हणाला, "तुम्ही त्याले नाव काऊन देलं?"

नावाने गवत वाढत नाही, हे मला पक्के ठाऊक होते.

पुढच्या श्रावणात, सकाळच्या फेरीत, झऱ्याखालच्या मळीच्या कडेला विळ्याचा आवाज आला. कौतिकाबाई कमरेत वाकून भराभर कापत होत्या. उतरणीवरून उतरलेले ते गवत मळीच्या काठाला पोचले होते. त्याचे पोटरीतले, न फुललेले तुरे त्या कापून ढीग घालत होत्या. तो काठ पन्नास पावले लांब, सगळा साफ. एका दिवसाचे काम नव्हते.

"कौतिकाबाई! हे काय चालवले?"

त्या दचकल्या नाहीत. "कापून राह्यली. तुमाले दिसून राह्यलं न."

"बी झडलेले नाही."

"म्हणूनच त कापतो, बापा! बी झडल्यावर कापून काय त्याचं तेरावं करू?"

"ते यादीतले गवत आहे."

"यादी तुमची. म्हशी माह्या. मारवेल गेली त मी त्याइले काय यादी चारू?"

खरे सांगायचे तर मला राग आला तो या शेवटच्या वाक्याचा. दोन पासवाले वाटेवर उभे राहून ऐकत होते आणि त्यांतला एक हसला. मी नियमाप्रमाणे विळा ताब्यात घेतला, चिठ्ठी बांधली, पास रद्द केला. कौतिकाबाईंच्या कमरेच्या आडव्या गाठीत विळा खोचायची जागा असते, तिथे त्यांचा हात दोनदा गेला आणि रिकामा परत आला.

पंधरा दिवसांत त्या म्हशी घेऊन लेकीच्या गावी, धामणगाव बढ्याला निघून गेल्या. त्यांच्या मळीच्या काठावर त्या वर्षी बी भरले आणि झडले. माझ्या देखरेखीखाली, नियमाप्रमाणे.

त्या उन्हाळ्यात उतरणीला वणवा लागला. असले वणवे मी पाहिले होते. पवन्याची आग घाईघाईने गुडघ्यावरून निघून जाते, मुळांना कळतही नाही. ही आग जाग्यावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही माती पायाला चटका देत होती. आठव्या दिवशी, पावसाचा थेंब नसताना, काळ्या राखेत हिरवे टोक आले. पवन्याच्या बुडख्यांतून काही आले नाही. मी बसून वाट पाहिली.

भादव्यात हजेरी घेतली. तोवर एकट्याने, नाव मोठ्याने वाचून काडी शोधायची सवय लागली होती. "पवन्या." नाही. "डोंगरी." नाही. "शंखपुष्पी." नाही. उतरणीवरच्या पहिल्या नऊ चौकांत प्रत्येक नावापुढे शून्य आणि सत्ताविसाव्यापुढे हजर. आपण माणसांची नावे वाचतो आहोत असे वाटू लागले, म्हणून मग मनात वाचू लागलो. मळीतले शेवटचे तीन चौक तेवढे भरलेले होते. तिथे बसून मी श्वास घेतला, आणि सवयीप्रमाणे पायांच्या लोकरी पट्ट्यांत रुतलेली कुसळे एकेक वेचून बाजूला टाकली. खाकी पट्टी, पोटरीला गुंडाळायची. त्यात उतरणीवरचे निम्मे बी येऊन बसे.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. मी स्वतः ते एक वर्ष उशिरा वाचले.

पुढच्या श्रावणात हद्दीचे दगड पाहण्यासाठी मी वरच्या कड्यावर चढलो होतो. उघडीप होती. खाली सगळा रमणा उलगडलेला. मळीचा पिवळसर हिरवा तुकडा दिसला. त्यात तीन काळपट डाग होते.

डाग चौकोनी होते.

निसर्गात चौकोन नसतो. मी डोळे चोळून पाहिले. मळीचा काठ त्या डागांपासून बराच लांब होता आणि ते गवत काठावरून आत सरकले नव्हते. ते मधोमध उगवले होते, माणूस आडवा झोपेल एवढ्या तीन चौकांत, कोपरे नीट, बाजू सरळ. दहा, अकरा, बारा. मळीत ते मी नेऊन पेरले होते. दरवर्षी गुडघे टेकून, एकेक बी वेचून.

कड्यावर मी किती वेळ बसलो ते लिहून ठेवलेले नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, जप्तीचा विळा घेतला आणि बैलगाडीने धामणगाव बढ्याची वाट धरली.

कौतिकाबाई अंगणात म्हशीला वैरण घालत होत्या. एकच म्हैस होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, विळ्याकडे पाहिले. "दुसरीनं इथल्या गवताले तोंड लावलं नाही," म्हणाल्या. "बसा."

"जपून ठेवला होता," म्हणत मी विळा पुढे ठेवला. त्यांनी अंगठ्याने धार पाहिली. "गंजवला. जपून ठेवला म्हणता न तुम्ही?"

मी चौकोनांचे सांगितले. पट्ट्यांचे सांगितले. काही लपवले नाही. त्या ऐकत राहिल्या.

"मळी राह्यली का थोडी?" एवढेच विचारले.

"तीन चौक सोडून सगळी आहे. पण यंदा बी झडले तर राहणार नाही. मला एकट्याला ओळखून कापता येत नाही, ते कोवळे असताना मारवेलीसारखे दिसते."

"हाव. थे मारवेलीतच लपते." त्या उठल्या. "वही आणली?"

आणली होती.

"त्याचं नाव खोडा. माह्यासमोर."

कचेरीच्या मंजुरीशिवाय यादीतले नाव खोडता येत नाही. हजेरीतली शून्ये दाखवून मी दोन महिन्यांपूर्वीच तसा अर्ज केला होता. 'एकदा दाखल झालेले नाव कमी करण्याचे सबळ कारण दिसत नाही' असा शेरा घेऊन तो परत आला होता. नावात काही नसते हे माझे मत तेव्हाही होते. पण यादीत ते नाव आहे तोवर त्याला विळा लावणारा चोर, आणि नाव नसेल तर तण, कोणीही उपटावे. म्हणजे नाव ठेवले की ते घरचे होते, हे कौतिकाबाईंचे बोलणे माझ्याच खात्याच्या नियमाप्रमाणे शब्दशः खरे होते. मला ते कळायला पाच वर्षे आणि एक उतरण लागली.

मी दौत उघडली आणि सत्ताविसाव्या ओळीवर शाई फासली. खालचे अक्षर दिसेनासे होईपर्यंत.

मळीच्या काठाशी आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. मी पाऊल टाकणार तोच त्यांनी विळा आडवा धरला. "थांबा. पायातलं काढा. पट्ट्याबी."

देवळात शिरताना काढावे तसे मी काढले. त्यांनी त्या पट्ट्या पालथ्या दगडावर झटकल्या, बोटांनी बी वेचले, चुलीत घालायला पदराच्या गाठीत बांधले. मग मला अनवाणी आत घेतले. एकेका कोवळ्या रोपापाशी थांबून सांगत, "ही मारवेल. ही मारवेल. हे थे." जे 'थे' असे ते मुळासकट निघे. तीन चौक आम्ही पाच दिवस खणले. किसन आला, चार बाया आल्या. मळी राहिली. पूर्वेची उतरण गेली ती गेली. तिथे आजही दुपारी काही बोलत नाही. झरा मार्गशीर्षातच आटतो, पूर्वी चैत्रापर्यंत वाहत असे. हे माझ्या खात्यावर आहे.

पास मी माझ्या अधिकारात पुन्हा दिला. त्यावर 'श्रावणात काठ कापावा' एवढे हाताने लिहिले. माझी बदली कचेरीत झाली त्याला आता काही वर्षे झाली; तिथल्या नकलेवरही ती ओळ आता वाचता येत नाही. कौतिकाबाई अजून कापतात.

गेल्या महिन्यात तिथल्या नव्या नाकेदाराचे पत्र आले. नीटनेटका माणूस असावा; अक्षर चांगले आहे. लिहितो की जुनी वही पाहिली, फार उपयोगी आहे, हजेरी पुन्हा सुरू करण्याचा विचार आहे. फक्त सत्ताविसाव्या ओळीवर शाई सांडली आहे, मळीच्या काठाला उगवणारे गवत तेच असावे, तरी कृपा करून त्याचे नाव कळवावे म्हणजे रकाना पुरा होईल. या लेखात ते नाव नाही ते एवढ्यासाठीच.

मी उलट टपाली उत्तर धाडले. कौतिकाबाईंना विचारल्याशिवाय मळीत जाऊ नका. जाल तेव्हा पायातल्या पट्ट्या काठावर काढून ठेवा. शाई सांडलेली नाही. नाव मला आठवत नाही.

आजवर सरकारी कागदावर मी लिहिलेले हे एकच खोटे वाक्य.